बंध कुठे तुटायला हवा, हे ठरवणारा केमिस्ट

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनी जळगावला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करताहेत. अँटिबॉडीला जोडलेल्या कॅन्सरच्या औषधांवर, म्हणजे आम्ही ज्यांना एडीसी (अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट) म्हणतो त्यांच्यावर, त्यांना संशोधन करायचं आहे. पण हे क्षेत्र आता बायोटेकवाल्यांचं झालंय, केमिस्टला तिथे फार काही उरलेलं नाही, असं त्यांच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. ते खरं आहे का, केमिस्ट तिथे दिवसभर नेमकं काय करतो आणि पीएच.डी. लागतेच का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सरांचा मान राखून सांगतो, ते खरं नाही. मी स्वतः ऑरगॅनिक सिंथेसिसमधून या कामात आलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं याच रेणूंवर काढली. एडीसीचे तीन भाग असतात. कॅन्सरच्या पेशीवरचं एखादं प्रथिन ओळखून तिला चिकटते ती अँटिबॉडी. पेशी मारणारं रसायन म्हणजे पेलोड. आणि या दोघांना जोडतो तो लिंकर. पेशी चिकटलेल्या अँटिबॉडीला आत ओढून घेते, लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, तिचे तुकडे होतात आणि पेलोड मोकळा होतो. यातली अँटिबॉडी बायोलॉजिस्ट बनवतात. पेलोड, लिंकर आणि जोडणी हा सगळा केमिस्टचा प्रांत आहे, आणि आजवर ही औषधं जिथे अडली तिथे बहुतेक वेळा याच प्रांतात अडली.

इतिहास थोडक्यात पाहा. विषाला नेमका पत्ता देऊन पाठवायची कल्पना पाउल एर्लिख यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९७५ मध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची पद्धत दिली. तरीही पहिलं एडीसी, मायलोटार्ग, अमेरिकेत मंजूर व्हायला २००० साल उजाडावं लागलं. मधली पंचवीस वर्षं कुठे गेली?

बरीचशी एका साध्या हिशेबात गेली. टोचलेल्या अँटिबॉडीपैकी माणसातल्या गाठीच्या एका ग्रॅममध्ये पोचतो तो भाग टक्क्याच्या शंभराव्या ते हजाराव्या हिश्शाएवढा असतो. सुरुवातीला लोकांनी डॉक्सोरुबिसिन, मेथोट्रेक्सेट अशी नेहमीची केमोथेरपीची औषधं अँटिबॉडीला जोडून पाहिली. बीआर९६ ही अँटिबॉडी आणि डॉक्सोरुबिसिन यांच्या जोडगोळीने १९९३ मध्ये उंदरांतल्या गाठी नाहीशा केल्या होत्या, पण माणसांत तसं काही हाती लागलं नाही. इतक्या थोड्या मात्रेत डॉक्सोरुबिसिन पेशीला मारूच शकत नव्हतं. मग एकटं दिलं तर माणसालाच सोसवणार नाही अशा जहाल द्रव्यांचा शोध सुरू झाला. टेक्ससच्या मातीतल्या जिवाणूतलं कॅलिकीमायसिन, इथिओपियातल्या झुडपातलं मेटॅन्सिन, हिंदी महासागरातल्या समुद्री गोगलगायीच्या जातीतलं डोलास्टॅटिन. डोलास्टॅटिन त्या प्राण्यात इतकं कमी सापडतं की प्रयोगशाळेत बनवता आलं नसतं तर त्याच्यापासून एकही औषध झालं नसतं. त्याच कुळातला एमएमएई हा पूर्णपणे सिंथेटिक पेलोड आज सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पेलोडांपैकी एक आहे.

जहाल पेलोड सापडला की सगळा भार लिंकरवर येतो. अँटिबॉडी रक्तात दिवसचे दिवस फिरते. तेवढे दिवस बंध टिकला पाहिजे आणि पेशीत शिरल्यावर काही तासांत तुटला पाहिजे. मायलोटार्गमध्ये आम्लात तुटणारा हायड्रॅझोन बंध वापरला होता. शिवाय त्यातल्या जवळजवळ निम्म्या अँटिबॉडींवर पेलोड चढलेलाच नसायचा. २०१० मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं आणि २०१७ मध्ये परत आलं. रेणू तोच होता, फक्त डोस कमी केला आणि विभागून दिला.

लिंकरच्या केमिस्ट्रीतलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण २०११ मध्ये मंजूर झालेल्या ॲडसेट्रिस या एडीसीमधलं आहे. त्यात व्हॅलिन-सिट्रुलिन हे डायपेप्टाइड आहे आणि त्याच्यापुढे पॅरा-अमिनोबेंझिल गट. लायसोसोममधलं कॅथेप्सिन हे एन्झाइम सिट्रुलिनच्या पुढचा अमाइड बंध कापतं, ॲनिलिनचा नायट्रोजन मोकळा होतो, त्याच्या इलेक्ट्रॉनांची जोडी रिंगमधून पलीकडे सरकते, कार्बामेट सुटतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि एमएमएई जसंच्या तसं बाहेर पडतं. लिंकरचा एक अणूही त्याला चिकटून राहत नाही. कागदावर बाण काढून पाहा. वन-सिक्स एलिमिनेशन तुम्हाला शिकवलेलंच आहे.

हाच लिंकर उंदराच्या रक्तात मात्र तग धरत नाही. उंदरांच्या रक्तात कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते व्हॅलिन-सिट्रुलिन बाहेरच कापतं. माणसाच्या रक्तात ते नाही. म्हणून उंदरातला स्थिरतेचा आकडा वाईट आला की तो कुठल्या एन्झाइममुळे आला हे शोधल्याशिवाय रेणू टाकून द्यायचा नसतो. एन्झाइमचं जीवशास्त्र केमिस्टला यावं लागतं ते यासाठी.

दुसरं उदाहरण मॅलिमाइडचं, म्हणजे लिंकरच्या ज्या टोकाने तो अँटिबॉडीला जोडला जातो त्या गटाचं. अँटिबॉडीच्या सिस्टिनमधला थायॉल मॅलिमाइडवर मायकेल ॲडिशनने जोडतात. ही अभिक्रिया उलटी फिरू शकते. रक्तात तसं झालं की सुटलेला मॅलिमाइड रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ३४व्या जागेवरच्या सिस्टिनला जाऊन चिकटतो, आणि पेलोड गाठीऐवजी अल्ब्युमिनवर बसून शरीरभर फिरत राहतो. त्यावर २०१४ च्या सुमारास एक उपाय पुढे आला. मॅलिमाइडच्या शेजारी एक अमाइन गट ठेवायचा, म्हणजे जोडणी झाल्यावर सक्सिनिमाइडची रिंग आपोआप पाण्याने उघडते. रिंग उघडली की उलटी अभिक्रिया जवळजवळ थांबते. एका अमाइन गटाने औषधाची रक्तातली स्थिरता बदलते. हे काम ऑरगॅनिक केमिस्टशिवाय कोण करणार?

आता एक हकिकत सविस्तर सांगतो, कारण तिची एक मुळी तुमच्याच खानदेशात आहे. डॉ. मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. झाले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. १९६६ मध्ये या चमूने एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं करून त्याची रचना ठरवली. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही वॉल आणि वाणी यांनीच दिली. कॅन्सरच्या दोन मोठ्या औषधकुळांच्या मुळाशी एकच खानदेशी माणूस आहे, आणि आपल्याकडच्या फार थोड्या केमिस्ट्री विभागांत त्यांचं नाव घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. २०२० मध्ये ते गेले.

१९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये हेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात दाखवलं. चंदगड, आंबोलीकडे नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ती लाकडं चोरली जातात ती या रेणूपायी.

कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून १९७०च्या दशकातल्या पहिल्या चाचण्यांत त्याचं सोडियम मीठ देण्यात आलं. मीठ करताना लॅक्टोनची रिंग उघडते, आणि औषधाचा परिणाम त्या रिंगवरच अवलंबून आहे. उघडलेलं रूप रक्तात जवळजवळ निकामी राहिलं, पण मूत्राशयातल्या आम्लात रिंग पुन्हा मिटली आणि रुग्णांना तिथे रक्तस्राव झाला. चाचण्या थांबल्या. हे द्रव्य डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडकवतं हे १९८५ मध्ये कळलं, तेव्हा लोक पुन्हा त्याच्याकडे वळले. १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकन आणि इरिनोटेकन मंजूर झाली. जपानमध्ये दाइइची कंपनीने एक्साटेकन बनवलं. ते पाण्यात विरघळणारं होतं आणि ताकदीचंही, पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचं आयुष्य वाढवलं नाही. मग त्यांनी एक्साटेकन डेक्स्ट्रानच्या पॉलिमरला जोडून पाहिलं. जोडणीसाठी ग्लायसिन-ग्लायसिन-फेनिलॲलानिन-ग्लायसिन असा चार अमिनो आम्लांचा दुवा वापरला. तेही औषध बाजारात आलं नाही.

म्हणजे हातात काय उरलं? न चाललेला एक पेलोड आणि न चाललेल्या पॉलिमरमधला एक दुवा. दाइइची आणि सांक्यो एकत्र झाल्यावर तिथल्या लोकांनी हे दोन्ही घेतलं आणि हर-२ हे प्रथिन ओळखणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीला जोडलं. एक्साटेकनच्या अमाइनवर हायड्रॉक्सिॲसिटिल गट चढवून नवा पेलोड केला. पेप्टाइड त्या हायड्रॉक्सिलला अशा बेताने जोडलं की एन्झाइमने कापल्यावर मधला तुकडा स्वतःहून गळून पडतो. या लिंकर-पेलोडची जोडी फार तेलकट नसल्यामुळे एका अँटिबॉडीवर आठ पेलोड चढवूनही ती गोळा होत नाही. एमएमएई आठ चढवलं तर यकृत अँटिबॉडीला रक्तातून झपाट्याने काढून टाकतं, म्हणून तिथे सरासरी चारवर थांबावं लागतं.

हे औषध म्हणजे एनहर्टू, ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन. डिसेंबर २०१९ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा सुटलेला पेलोड पेशीच्या पडद्यातून आरपार जातो, त्यामुळे ज्या शेजारच्या पेशींवर हर-२ प्रथिन कमी आहे त्याही मरतात. त्याच अँटिबॉडीवरचं आधीचं एडीसी, २०१३ चं कॅडसायला, हे करू शकत नाही. त्याचा लिंकर तुटत नाही, तर अँटिबॉडी पचल्यावर पेलोडला लायसिन चिकटलेलं राहतं आणि विद्युतभारामुळे तो पेशीतच अडकून बसतो. या फरकाचा अर्थ रुग्णांसाठी किती मोठा होता ते २०२२ मध्ये दिसलं. हर-२ कमी असलेल्या, म्हणजे आधी या औषधांच्या यादीतच नसलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांत, रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ५.१ महिन्यांवरून ९.९ महिन्यांवर गेला आणि एकूण आयुर्मान १६.८ वरून २३.४ महिन्यांवर. हे आकडे शिकागोच्या परिषदेत मांडले तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्याच चाचणीत सुमारे १२ टक्के रुग्णांना फुफ्फुसांची सूज आली आणि काही जण तिने दगावले, हेही त्याच आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचायचं.

एक हिशेब स्वतः करून पाहा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये डोस किलोला ५.४ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. ६० किलोच्या बाईंना ३२४ मिलिग्रॅम एडीसी जातं. त्यात पेलोड वजनाने साधारण अडीच टक्के, म्हणजे ८ मिलिग्रॅमच्या आसपास. याच कुळातलं इरिनोटेकन तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर दिलं जातं.

केमिस्ट्री रुग्णाच्या खाटेपर्यंत कशी जाते याचं आणखी एक उदाहरण. एनहर्टू ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, सलाइनमध्ये कधीच नाही, आणि पिशवी प्रकाशापासून झाकून ठेवतात, कारण कॅम्पटोथेसिन प्रकाशात बिघडतं. कॅडसायलाचं नेमकं उलटं, ते सलाइनमध्येच मिसळतात आणि डेक्स्ट्रोज चालत नाही. अँटिबॉडी एकच, पण जोडलेला रेणू आणि सोबतचं मिश्रण बदललं की प्रथिनाचं वागणं बदलतं. या सूचना पत्रकावर येतात त्यामागे प्रयोगशाळेत कुणीतरी गढूळ झालेल्या कितीतरी बाटल्या तपासलेल्या असतात.

आता दिवसभराचं काम. जोडणीचा एक प्रयोग सांगतो. अँटिबॉडीचं द्रावण बफरमध्ये घ्यायचं, मोजून टीसीईपी हे रिड्यूसिंग द्रव्य घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं. साखळ्यांना जोडणारे डायसल्फाइड बंध सुटतात. एक बंध सुटला की दोन थायॉल मिळतात, म्हणून पेलोड जोडीने चढतात: शून्य, दोन, चार, सहा, आठ. मग डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवलेला लिंकर-पेलोड थेंबाथेंबाने सोडायचा. घाई केली तर जिथे थेंब पडतो तिथे दुधासारखा धुरकट डाग उठतो आणि तेवढं प्रथिन वाया जातं. उरलेला मॅलिमाइड एन-ॲसिटिल सिस्टिनने संपवायचा, गाळणीच्या पडद्यांवर धुऊन सॉल्व्हंट आणि सुटा पेलोड काढायचा.

मग नमुना एचआयसीवर, म्हणजे रेणू तेलकटपणानुसार वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीवर, जातो. जास्त मिठात सुरुवात करून मीठ हळूहळू कमी करत नेतात. आधी कोरी अँटिबॉडी बाहेर येते, मग दोनवाली, चारवाली, शेवटी आठवाली. पडद्यावर पाच शिखरांची रांग दिसते. या रांगेकडे पाहून बरंच काही ओळखता येतं. कोरं शिखर कालपेक्षा उंच आलं तर टीसीईपी कमी पडलं. फॉस्फेट बफरमध्ये त्याचं द्रावण ठेवून दिलं तर ते हळूहळू ऑक्सिडाइज होतं, म्हणून ते त्या वेळी ताजं बनवायचं. शिखरांच्या मध्ये खांदा दिसला तर कुठेतरी सक्सिनिमाइडची रिंग अर्धवट उघडली आहे. आठच्या पुढे लांब शेपूट आली तर प्रथिनाचे गोळे होताहेत का ते वेगळ्या कॉलमवर पाहायचं. मी कितीही बैठकांना गेलो असलो तरी सकाळी आधी हा आलेख पाहायची सवय सुटलेली नाही. औषधाची तब्येत त्यात दिसते.

पेलोड हाताळणं ही वेगळी शिस्त आहे. श्वासातून काही नॅनोग्रॅमही नकोत अशी ही द्रव्यं, म्हणून कोरडी पावडर आयसोलेटरमध्ये, जाड हातमोज्यांतूनच तोलायची. जी प्रयोगशाळा इथे कसूर करते तिथे नोकरी घेऊ नका, पगार काहीही असो.

अपयशाची तयारी मात्र हवी. पीबीडी या कुळातल्या पेलोडवर कितीतरी हुशार केमिस्टांनी वर्षानुवर्षं घातली. त्यातलं रोव्हा-टी नावाचं फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचं औषध मिळवण्यासाठी ॲबव्ही कंपनीने २०१६ मध्ये अब्जावधी डॉलर मोजले आणि २०१९ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. रेणू देखणा होता, पण रुग्णांना फायद्यापेक्षा त्रास जास्त होत होता. असा प्रकल्प बंद पडला की त्यातली कोणती केमिस्ट्री पुढे नेता येईल हे लिहून ठेवायचं. एक्साटेकनच्या लोकांनी तेच केलं.

आपल्या देशात काय आहे? पिरामलचं एडीसी उत्पादन स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला बरीच वर्षं चालू आहे. बंगळुरूला सिंजेनकडे हे काम चालतं. झायडसने २०२१ मध्ये कॅडसायलाच्या धर्तीचं उजविरा भारतात बरंच स्वस्त आणलं. २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकनवरचं सीमाशुल्क माफ झालं, तरी ते औषध आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहे. ते आवाक्यात आणायचं तर लिंकर-पेलोड कमी पायऱ्यांत, कमी क्रोमॅटोग्राफीत बनवणारे प्रोसेस केमिस्ट इथेच तयार व्हायला हवेत. मला या कामाची तळमळ आहे, म्हणून तुमच्यासारख्या मुलींनी यात यावं असं मनापासून वाटतं.

पीएच.डी.चं उत्तर. नवे लिंकर स्वतः रचायचे असतील तर हवीच, आणि ती पक्क्या सिंथेसिसमध्येच करा. पुण्याची एनसीएल, मुंबईची आयसीटी, आयसर अशा ठिकाणी. विषयाच्या शीर्षकात एडीसी नसलं तरी चालेल. बहुपायऱ्यांचं सिंथेसिस, पेप्टाइड जोडणी आणि कार्बामेट हातात बसले पाहिजेत. पीएच.डी. नको असेल तर एम.एस्सी.नंतर ॲनालिटिकल किंवा प्रोसेस विभागातून या. एचआयसी आणि मास स्पेक्ट्रम नीट वाचता येणारी माणसं आमच्याकडे कायम कमी पडतात, आणि तिथून पुढे जाऊन प्रकल्प चालवणारे मी पाहिले आहेत.

आत्ता, शेवटच्या वर्षात, दोन गोष्टी करा. विद्यापीठातल्या बायोकेमिस्ट्री विभागात जाऊन प्रथिन हाताळायला शिका: बफर बनवणं, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं एसडीएस-पेज चालवणं, प्रथिन न फेसाळता ढवळणं. ऑरगॅनिकवाल्यांना याचीच भीती असते, आणि ती काही आठवड्यांत जाते. दुसरं, डेरक्स्टेकनच्या लिंकर-पेलोडची रचना उघडून त्याचं उलट्या दिशेने विश्लेषण करा. कुठला बंध शेवटी बांधाल, आणि सगळ्यात नाजूक असलेला तो अमिनोमेथिलीनचा तुकडा आम्लापासून कसा वाचवाल, हे लिहून काढा. मुलाखतीत मी स्वतः हाच प्रश्न विचारतो.